चित्रपट पाहणारा मेंदू

स्वमग्न व्यक्तींच्या मेंदूचा अभ्यास बराच काळ स्थिर चित्रांवर चालला. पडद्यावर एक चेहरा क्षणभर दिसायचा, तो रागावलेला की आनंदी हे बटण दाबून सांगायचे, की लगेच पुढचा चेहरा. अशा चाचण्या नीट पार पाडणारी स्वमग्न व्यक्तीही लग्नघरात किंवा बसस्टँडवर समोरच्याचा अंदाज घेताना गोंधळून जाऊ शकते. प्रत्यक्षात चेहरा कधी सुटा येत नाही. त्याच्यासोबत आवाज, हातवारे, मागचा गलबला आणि आधी घडून गेलेले सारे येते. हे सगळे प्रयोगशाळेत एकत्र आणायचे तर चित्रपट दाखवणे हा सोपा मार्ग.

येल विद्यापीठात आमी क्लिन आणि सहकाऱ्यांनी ‘हूज अफ्रेड ऑफ व्हर्जिनिया वूल्फ?’ हा १९६६ सालचा चित्रपट दाखवून प्रेक्षकांची नजर टिपली. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या कामातला एक प्रसंग बारकाईने पाहण्यासारखा आहे. एक पात्र भिंतीवरच्या चित्राकडे बोट दाखवते आणि ते कोणी काढले असे विचारते. इतर प्रेक्षकांची नजर बोटाच्या रोखाने थेट त्या चित्रावर गेली. स्वमग्न प्रेक्षकाची नजर मात्र प्रश्न कानावर पडल्यावर हलली आणि भिंतीवरच्या एकामागून एका चित्रावर फिरली. शब्द त्याला कळले होते. कोणते चित्र, हे सांगणारे बोट निसटले होते.

नजरेमागे मेंदूत काय चालते हे पाहण्याची रीत २००४ मध्ये उरी हॅसन यांनी दाखवली. त्यांनी पाच जणांना एमआरआय यंत्रात झोपवून ‘द गुड, द बॅड अँड द अग्ली’चा अर्धा तास दाखवला. मेंदूचा जो भाग कामाला लागतो तिकडे काही सेकंदांनी प्राणवायूयुक्त रक्त वाढते आणि यंत्र तेच टिपते. मग एकाच्या मेंदूतल्या एका जागेचा चढउतार दुसऱ्याच्या त्याच जागेशी ताडून पाहायचा. प्रेक्षक एकमेकांना ओळखत नव्हते, तरी मेंदूच्या बाह्यस्तराच्या सुमारे ३० टक्के भागात हे चढउतार जुळले.

स्वमग्न प्रेक्षकांत ही जुळणी कमी आढळते, असे हॅसन यांच्याच गटाने २००९ मध्ये आणि फिनलंडमधील संशोधकांनी २०१३ मध्ये मांडले. पण ‘कमी जुळते’ म्हणजे ‘बिघडलेले’ असे समजणे चूक ठरेल. २००९ च्या अभ्यासात काही स्वमग्न व्यक्तींना तोच चित्रपट पुन्हा दाखवला, तेव्हा त्यांच्या मेंदूचा स्वतःचा वेगळा नमुना पुन्हा तसाच उमटला. तो गोंधळ नव्हता. चित्रपट पाहण्याची ती त्यांची स्वतःची ठाम रीत होती. २०१५ मध्ये लिसा बर्ज आणि सहकाऱ्यांनी ‘द ऑफिस’ या मालिकेचा भाग दाखवला. तेथे फरक मुख्यतः गटातल्या मोजक्याच व्यक्तींमुळे पडत होता. सरासरी काढून सर्व स्वमग्न व्यक्तींना एकाच साच्यात बसवणे किती धोक्याचे, हे त्यातून स्पष्ट झाले.

लहान मुलांसाठी चित्रपटाचा आणखी एक उपयोग आहे. एमआरआय यंत्र कर्कश वाजते आणि डोके काही मिलिमीटर हलले तरी प्रतिमा बिघडते. आवाजाने अस्वस्थ होणाऱ्या मुलाला त्यात स्वस्थ पडून राहा म्हणणे हा त्याच्यावर मोठाच भार. गोष्ट चालू असली की मुले कमी हलतात. न्यूयॉर्कच्या ‘हेल्दी ब्रेन नेटवर्क’ने म्हणूनच ‘डेस्पिकेबल मी’चा तुकडा आणि ‘द प्रेझेंट’ ही छोटी ॲनिमेशनपट्टी निवडली.

यातले बहुतेक चित्रपट मात्र अमेरिका आणि युरोपातले आहेत. हुबळीलगतच्या तारिहाळ औद्योगिक परिसरातल्या एखाद्या मराठी घराचा विचार करावा. मूल घरात मराठी ऐकते आणि बाहेर कन्नड. त्याला इंग्रजी विनोदी मालिका दाखवून मेंदूची जुळणी कमी आली, तर त्याचे कारण स्वमग्नता की अनोळखी भाषा, हे सांगता येणार नाही. पिक्सारच्या ‘पार्टली क्लाउडी’सारखी शब्दविरहित पट्टी येथे जास्त भरवशाची, आणि तुलनेसाठी निवडलेली मुलेही अशाच दुभाषिक घरांतली हवीत. धारवाडला डिम्हान्स ही मानसिक आरोग्य व मज्जाविज्ञानाची सरकारी संस्था असल्याने अशा अभ्यासाची जागा दूर शोधावी लागत नाही.

यंत्राशिवाय घरोघरी जाणारी वाटही भारतात आखली गेली आहे. १९९६ मध्ये गोव्यात स्थापन झालेली ‘संगत’ संस्था, आयआयटी मुंबई आणि ब्रिटनचे रेडिंग विद्यापीठ यांच्या सहभागातून ‘स्टार्ट’ हे टॅब्लेटवरचे साधन तयार झाले. पडद्याच्या एका बाजूला माणसांचे, दुसऱ्या बाजूला फिरत्या आकृत्यांचे चित्रण चालते आणि मूल कुठे पाहते हे टॅब्लेटचा कॅमेरा टिपतो. सोबत रंग भरणे, बुडबुडे फोडणे असे खेळ असतात. दिल्ली परिसरात दोन ते सात वर्षांच्या १३१ मुलांवर ते तपासले गेले, तेही तज्ज्ञ डॉक्टरांशिवाय, प्रशिक्षित आरोग्यसेवकांच्या हातून. टॅब्लेट मेंदू पाहत नाही, फक्त नजर आणि हात पाहतो. निदान तज्ज्ञाकडूनच होते. पण कोणत्या मुलाला तज्ज्ञाकडे लवकर न्यावे, हे कळायला त्याची मदत होते.