निदानातील ठोकताळे आणि वैद्याची बुद्धी

दर्शन, स्पर्शन व प्रश्न यांद्वारे वैद्य रुग्णाची परीक्षा करतो. परंतु या तिन्हींतून मिळालेल्या माहितीचा अर्थ लावणारे साधन म्हणजे वैद्याची स्वतःची बुद्धी होय. नाडी, जिह्वा, मल, मूत्र यांची परीक्षा आपण नित्य करतो; या साधनाची परीक्षा मात्र क्वचितच होते. प्रस्तुत लेखात या विषयाचा चिकित्सकाच्या व औषधविक्रेत्याच्या दृष्टीने विचार केला आहे.

१९७४ साली आमोस ट्वर्स्की व डॅनियल काहनेमान या मानसशास्त्रज्ञांनी 'सायन्स' या नियतकालिकात एक महत्त्वाचा लेख प्रसिद्ध केला. अनिश्चित परिस्थितीत मनुष्य सर्व माहितीचे गणित मांडत बसत नाही, तर मनातील ठोकताळ्यांवर निर्णय घेतो, असे त्यांनी दाखवून दिले. हे ठोकताळे बहुतेक वेळा उपयोगी पडतात. परंतु ते चुकतात तेव्हा ठराविक दिशेनेच चुकतात. म्हणूनच त्या चुका आधी ओळखता येतात. या संशोधनासाठी काहनेमान यांना २००२ साली अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. ट्वर्स्की यांचे १९९६ सालीच निधन झाले होते. गर्दीच्या वेळी ठोकताळ्यांशिवाय वैद्याचे चालणार नाही. ते टाकून द्यावयाचे नसून कोठे फसवतात एवढे जाणून घ्यावयाचे आहे.

१. स्मरणसुलभता : जे चटकन आठवते तेच अधिक संभवनीय वाटते. २००६ साली महाराष्ट्रात चिकुनगुन्याची मोठी साथ आली. अशा काळात ज्वर व संधिशूल घेऊन येणाऱ्या प्रत्येक रुग्णाचे निदान तोंडावर तयार असते. त्या गर्दीत आमवाताचा नवा रुग्ण सहज झाकला जातो आणि आमपाचनाचा मोलाचा काळ निघून जातो. साथीच्या दिवसांत नेहमीचे व्याधी रजेवर जात नाहीत.

२. सादृश्य : चित्र जुळले की निदान झाले असे वाटते. चरकाचार्यांनी विमानस्थानाच्या सातव्या अध्यायात यावर नेमके बोट ठेवले आहे. सत्त्व, बल व शरीर उत्तम असल्यामुळे गंभीर व्याधीचा रुग्ण सौम्य भासतो, तर हीनसत्त्व रुग्ण अल्प व्याधीतही गंभीर दिसतो. केवळ रूप पाहून निर्णय करणारा दोन्ही ठिकाणी फसतो.

प्रयोगशाळेच्या अहवालाबाबतही हेच घडते. १९७८ साली हार्वर्ड मेडिकल स्कूलच्या रुग्णालयांतील ६० डॉक्टर व विद्यार्थ्यांना विचारण्यात आले की, हजारांत एकास होणाऱ्या रोगाची चाचणी ५ टक्के निरोगी लोकांतही होकारार्थी येत असेल, तर होकारार्थी व्यक्तीस रोग असण्याची शक्यता किती? सर्वाधिक लोकांनी ९५ टक्के असे उत्तर दिले. वस्तुतः हजारांत खरा रुग्ण एक व खोटे होकार सुमारे पन्नास. म्हणजे शक्यता जेमतेम २ टक्के. योग्य उत्तर केवळ ११ जणांनी दिले. आर. ए. फॅक्टर काही निरोगी व वृद्ध व्यक्तींतही होकारार्थी येतो. लक्षणांवाचून केवळ त्या कागदावर आमवात ठरवणे म्हणूनच धोक्याचे.

३. पहिल्या मताचा पगडा : ट्वर्स्की-काहनेमान यांनी एक चक्र फिरवून आलेला आकडा लोकांना दाखवला व संयुक्त राष्ट्रसंघात आफ्रिकी देश किती टक्के आहेत ते विचारले. १० आकडा पाहणाऱ्यांचा मध्यम अंदाज २५, तर ६५ पाहणाऱ्यांचा ४५ आला. निरर्थक आकडासुद्धा बुद्धीला ओढतो. मग 'मला ॲसिडिटी आहे' हे रुग्णाचे पहिले वाक्य ओढणार नाही काय? मधुमेही प्रौढाला उरोदाह व स्वेद होत असता हृद्रोगाचा विचार न करता अम्लपित्ताची पुडी बांधली गेली, तर त्याचे मोल प्राणांनी चुकवावे लागेल.

४. स्वमतपुष्टी : आपल्या मताला पोषक तेवढेच मनात टिकते. सूत्रस्थानाच्या दहाव्या अध्यायात मैत्रेय शंका घेतो की, चिकित्सा होऊन काही बरे होतात व काही मरतात, चिकित्सेविनाही तसेच घडते. मग भेद काय? आत्रेय साध्यासाध्यत्वाच्या आधारे त्याचे निरसन करतात. येथे लक्षात घेण्याजोगे हे की, शास्त्राने चारही रकाने समोर मांडले. आपल्या स्मरणात मात्र 'औषध दिले व गुण आला' हा एकच रकाना उरतो. पुन्हा न आलेला रुग्ण बरा झाला असे आपण धरून चालतो. तो दुसरीकडे गेला असेल, ही शक्यता विसरतो.

औषधविक्रेतेही यास अपवाद नाहीत. मागील आठवड्यात चार ग्राहकांनी मागितलेले चूर्ण वर्षभर खपेल असे वाटते. पडून राहिलेल्या मालात पैसा अडकला म्हणून तोच माल पुढे रेटला जातो. खरेदीपूर्वी गतवर्षीच्या त्याच ऋतूची विक्रीवही पाहणे हा यावर साधा उतारा आहे.

उपाय फारसे खर्चाचे नाहीत. केसपेपरवर निदानाखाली दुसऱ्या संभाव्य व्याधीसाठी एक ओळ राखावी. 'माझ्या निदानात न बसणारे लक्षण कोणते?' हा प्रश्न औषध लिहिण्यापूर्वी स्वतःस विचारावा. उपशय किती दिवसांत अपेक्षित आहे ते आधीच लिहावे, म्हणजे अनुपशय नाकारता येणार नाही. न परतलेल्या रुग्णांची महिन्यातून एकदा चौकशी करावी. अवघड रुग्णाविषयी तद्विद्यसंभाषा करताना आपले निदान आधी न सांगता केवळ लक्षणे सांगावीत, जेणेकरून सहकाऱ्यावर आपल्या मताचा पगडा बसणार नाही.

आप्तोपदेश, प्रत्यक्ष, अनुमान व युक्ती अशी चतुर्विध परीक्षा चरकाचार्यांनी सांगितली, कारण एकाच साधनावर विसंबणारी बुद्धी घसरते हे त्यांना ज्ञात होते. घाईच्या निदानापूर्वी त्यांपैकी आणखी एका साधनाची साक्ष काढणे, एवढे तरी प्रत्येक वैद्यास नित्य शक्य आहे.