निळ्या मिशा, हिरवं तोंड!

मित्रांनो, चूक माझी होती. ते आधीच सांगून टाकते.

माझ्या चौथीच्या वर्गातल्या एका मुलीने मांजराच्या पिल्लाचं चित्र काढलं होतं. पिल्लू तिच्या आजीकडचं, आणि चित्रही आजीलाच द्यायचं होतं. गुबगुबीत पोट, मोठ्ठे डोळे आणि एक कान किंचित मुडपलेला. खऱ्या पिल्लाचा तसाच आहे म्हणे! मामाने दिलेले अल्कोहोल मार्कर घेऊन ती आली. “बाई, पेन्सिलच्या रेघा पक्क्या कशाने करू?”

“बॉलपेनने कर की,” मी सांगून मोकळी झाले.

तिने एकेक मिशी जपून काढली. मग पिवळा मार्कर फिरवला मात्र, निळ्या रेघा विरघळल्या आणि पिल्लाचं तोंड हिरवं झालं. मार्करचं टोकसुद्धा हिरवं! पोरगी रडली नाही. वही मिटून गप्प बसली. रडली असती तर बरं, असं वाटलं मला.

असं का झालं? आपल्या नेहमीच्या स्केचपेनची शाई पाण्यातली असते. या मार्करमध्ये रंग अल्कोहोलमध्ये विरघळवलेला असतो. बॉलपेनची रेघ पाण्याला दाद देत नाही, पण अल्कोहोलमध्ये विरघळते. शर्टावरचा बॉलपेनचा डाग काढायला आई सॅनिटायझर लावते ना, तेच इथे मिशांचं झालं.

पण याच अल्कोहोलचा फायदाही आहे. इंजेक्शनच्या आधी दंडावर स्पिरिटचा बोळा फिरवतात, गार वाटतं आणि लगेच वाळतं. मार्करचंही तसंच. स्केचपेन एकाच जागी घासलं की कागद भिजून त्याचा भुगा निघतो, पट्टे दिसतात. मार्करचे रंग ओले असताना एकमेकांत मिसळतात, म्हणून छाया मऊ दिसते.

आता आमचं पिल्लू कसं वाचलं ते ऐका. जपानमध्ये 1987 साली ‘कॉपिक’ नावाचे मार्कर निघाले. हे नावच ‘कॉपी’वरून आलं. झेरॉक्सच्या काळ्या रेघा विरघळणार नाहीत अशी त्यांची शाई होती. झेरॉक्सची काळी पूड उष्णतेने वितळून कागदाला चिकटते (ताजी झेरॉक्स कोमट लागते ती त्यामुळेच). हे वाचल्यावर माझी ट्यूब पेटली! बिघडलेलं चित्र खिडकीच्या काचेवर धरून तिने दुसऱ्या कागदावर गिरवलं आणि आम्ही जाड, गुळगुळीत कागदावर तीन झेरॉक्स काढल्या. एक बिघडली तर दुसरी आहेच! घरच्या प्रिंटरची शाई मात्र पसरू शकते, तेव्हा आधी कोपऱ्यात तपासा. आणि खाली रद्दीचा कागद हवाच, नाहीतर टेबलावर दुसरं मांजर उमटेल.

रंगवायला घेण्याआधी एक गोष्ट ठरवा: उजेड कुठून येतो? आमचा डावीकडून वरून आला. म्हणजे छाया उजव्या कुशीला, हनुवटीखाली, शेपटीच्या मुळाशी. डोळ्यातला ठिपका कोराच सोडायचा. मार्करवर पांढरा मार्कर चालत नाही हो!

सगळ्या अंगावर आधी फिकट पिवळा. तो ओला असतानाच छायेच्या जागी नारिंगी. मग पुन्हा तोच पिवळा घेऊन दोन्ही रंगांच्या सीमेवर हलकेच फिरवायचा. इथेच खरी गंमत आहे! पिवळ्यातलं अल्कोहोल नारिंगीला सैल करतं आणि सीमा पुसट होते. ती होईपर्यंत घाई नको, पण कागद चिंब होईपर्यंत घोटायचंही नाही, नाहीतर रंग रेघेबाहेर जातो. अगदी खोल जागी थोडा विटकरी. छायेसाठी काळा वापरू नका, पिल्लू कोळशाच्या पोत्यातून आल्यासारखं दिसतं! पायाखालच्या सावलीला फिकट राखाडी पुरतो. पाठीवरचे पट्टे सगळं वाळल्यावर काढायचे, म्हणजे ते ठसठशीत राहतात.

पालकांनो, कॉपिकच्या ‘स्केच’ प्रकारात 358 रंग आहेत आणि ते महागही आहेत. मुलांना साधे मार्कर चालतात आणि एका चित्राला पाच-सहा रंग पुष्कळ झाले. फिकट, मध्यम, गडद अशा एकाच घराण्यातले तीन घ्या. खिडकी उघडी ठेवा, जवळ दिवा-उदबत्ती नको. टोपण घट्ट लावा आणि दोन टोकांचे मार्कर आडवे ठेवा, म्हणजे दोन्हीकडे शाई सारखी राहते. हिरवं झालेलं ते पिवळं टोक कोऱ्या कागदावर घासत राहिलो, तेव्हा स्वच्छ झालं.

पहिल्या झेरॉक्सवर कानातला गुलाबी गालावर आला. दुसरी जमली. मुडपलेल्या कानाखाली तिने छोटीशी विटकरी छाया दिली, ती मी सांगितली नव्हती. शनिवारी चित्र आजीकडे गेलं. तिसरी झेरॉक्स तिने मला दिली. “बाई, ही तुम्ही रंगवा,” म्हणाली, “बॉलपेन न घेता.”