एकवीस हजारांच्या पुढे

माझी सगळी नोकरी साखर कारखान्याच्या टाइम ऑफिसात गेली. हजेरी, पगारपत्रक, हंगाम सरला की हंगामी कामगारांचा रिटेन्शन भत्ता. पीएफ दरमहा कापायचो. ईएसआयचा रकाना मात्र आमच्या पत्रकात कधी नव्हताच. 1948 च्या राज्य कामगार विमा कायद्याने हंगामी कारखाने वगळले आणि त्या यादीत साखर आहे. आमच्या धाराशिव जिल्ह्यात कारखाना म्हटलं की ढोकीचा तेरणा, रांजणीचा नॅचरल अशी साखरेचीच नावं तोंडात येतात. त्या एका ओळीने इथली किती घरं उघडी पडली!

आमच्या घरात ईएसआय आली ती थोरल्याच्या चाकणच्या नोकरीमुळे. पगार 20,800. त्याचे 0.75 टक्के म्हणजे 156 रुपये, कंपनीचे 3.25 टक्के म्हणजे 676. एवढ्यात तो, सून, नातवंडं आणि आम्ही दोघंही. कारण माझी पेन्शन 9,000 च्या आत, म्हणून आई-वडील अवलंबून धरतात. हिला शुगर आहे. गोळ्या, रक्ततपासणी सगळं सोलापूरच्या कामगार विमा रुग्णालयात त्याच कार्डावर होई.

मग पगार 22,000 झाला. आम्ही पेढे वाटले, आणि विमा गेला. ईएसआयची पगारमर्यादा 1 जानेवारी 2017 रोजी 15,000 वरून 21,000 झाली ती तिथेच अडकली. हप्त्याचे दर जुलै 2019 पासून उलट कमी झाले. कार्ड लगेच तुटत नाही. एप्रिल ते सप्टेंबरच्या वर्गणीवर पुढच्या जानेवारी ते जूनपर्यंत लाभ मिळतो. जून संपला की बंद.

आता कंपनीची ग्रुप पॉलिसी आहे. 3 लाखांची, नवरा-बायको आणि दोन मुलं. आई-वडील हवे तर वेगळे पैसे. खोलीभाडं दिवसाला 3,000 पर्यंत. खोली 5,000 ची घेतली तर नुसते वरचे 2,000 भरून सुटका नाही. डॉक्टरची फी, ऑपरेशन थिएटर यांचंही बिल त्याच प्रमाणात कापतात. एका वर्षी क्लेम जास्त झाले की पुढच्या वर्षी हप्ता चढतो, मग कंपनी आई-वडील गाळते नाहीतर को-पे लावते. सप्टेंबर 2025 मध्ये वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा जीएसटी गेला, पण ग्रुप पॉलिसीवरचा 18 टक्के राहिला.

महात्मा फुले योजनेत आता सगळ्यांना 5 लाखांचं संरक्षण आहे, आणि त्याचा मोठा आधार आहे. पण ते ठरलेल्या उपचारांसाठी, दवाखान्यात भरती झाल्यावर. हिच्या रोजच्या गोळ्या ना त्या योजनेत, ना त्या पॉलिसीत. त्या मी मेडिकलमधून विकत आणतो.

महागाई भत्ता निर्देशांकाप्रमाणे आपोआप वाढतो, हे मी आयुष्यभर पत्रकात मांडलं. ईएसआयची मर्यादाही तशीच वाढायला हवी. कामगार संघटनांनी दर वेळी त्यासाठी दिल्लीचे उंबरे का झिजवायचे? तोवर थोरल्याला एवढंच सांगितलंय: रिन्युअलच्या आधी एचआरला आमच्या दोघांचा हप्ता विचार, आणि नोकरी सोडायची वेळ आलीच तर राजीनाम्याआधी त्याच विमा कंपनीची वैयक्तिक पॉलिसी घे.