ग्रनविकचा संप, आपली मुलं आणि लायब्ररी



इथे वाढणाऱ्या आपल्या मुलांना नागरी हक्क म्हटलं की रोझा पार्क्स आणि मार्टिन ल्यूथर किंग आठवतात. पण तशीच एक लढाई लंडनमध्ये, डॉलिस हिल लेनवरच्या महाराष्ट्र मंडळाच्या वास्तूपासून चालत जाता येईल इतक्या अंतरावर झाली, हे बहुतेकांना ठाऊक नसतं. म्हणून ही थोडी माहिती.

ग्रनविक ही विल्सडनमधली फोटो धुऊन देणारी कंपनी. लोक फिल्मचे रोल पोस्टाने पाठवायचे आणि फोटो पोस्टानेच परत यायचे. कामाला मुख्यतः पूर्व आफ्रिकेतून आलेल्या गुजराती बायका. पगार कमी, ओव्हरटाइम सक्तीचा आणि टॉयलेटला जायलाही परवानगी लागायची. २० ऑगस्ट १९७६ रोजी जयाबेन देसाई मुलासह काम सोडून बाहेर पडल्या. हा कारखाना नसून प्राणिसंग्रहालय आहे आणि इथे सिंहही आहेत, असं त्यांनी मॅनेजरला सुनावलं.

लवकरच शंभराहून अधिक जण संपावर गेले. युनियनला मान्यता द्या, ही त्यांची मागणी. लेस्टरच्या इम्पीरियल टाइपरायटर्समध्ये १९७४ साली आशियाई कामगारांच्या संपाला युनियनने पाठिंबा दिला नव्हता. इथे मात्र क्रिकलवूडच्या पोस्टमननी कंपनीची टपाल हाताळणं थांबवलं आणि १९७७ च्या उन्हाळ्यात खाणकामगारांसह हजारो लोक गेटवर आले. चौकशी समितीने संपकऱ्यांना परत घ्यायची शिफारस केली, पण मालकाने ती मानली नाही. १४ जुलै १९७८ रोजी संप मागे घेतला गेला. नोकऱ्या परत मिळाल्या नाहीत.

मग हरलेला संप मुलांना का सांगायचा? कारण टीनएजर मुलांना तयार उत्तरांपेक्षा वाद घालायला आवडतं. शिफारस होऊनही न्याय का मिळाला नाही? मग मिळवलं काय? असे प्रश्न इथे आपोआप निघतात.

या संपाच्या चाळिसाव्या वर्षी, २०१६-१७ मध्ये, विल्सडन ग्रीनच्या लायब्ररीत त्यावर प्रदर्शन भरलं होतं. ब्रेंटचं म्युझियम आणि जुन्या कागदपत्रांचं दालनही याच इमारतीत आहे. आम्ही सुचवतो:

१. तुमच्या भागातल्या लायब्ररीत स्थानिक इतिहासाचा विभाग कुठे आहे, ते मुलांनाच विचारायला लावा.
२. ऑक्टोबरमधल्या ब्लॅक हिस्टरी मंथसाठी आपल्याच गावातला एखादा लढा निवडू द्या.
३. त्याशेजारी १९२७ चा महाडचा सत्याग्रह ठेवा. पाण्याचा हक्क आणि कामावरचा मान, यांतलं साम्य मुलं स्वतः शोधतील.

ब्रेंटमध्ये २०११ साली सहा लायब्ररी बंद झाल्या, त्यात नीसडन आणि क्रिकलवूडही होत्या. लायब्ररीचं सभासदत्व मोफत असतं, पण ती टिकते वापरणाऱ्यांमुळे. तेव्हा या शनिवारी मुलांना घेऊन जाच!