भरतीच्या वेळेवर चालणारे स्वयंपाकघर

आम्ही पिंपळे सौदागरच्या बायका. पवना आमच्या दारातून वाहते, पण जलपर्णी आणि वास यामुळे काठावर बसून घास उतरत नाही. तिथे होडीत बसून जेवायचे नावच नको. म्हणून आज नदीवरच्या हॉटेलाची गोष्ट सांगायला आम्ही तुम्हाला वेंगुर्ल्याला नेतो.

वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत स्वामिनी बचत गटाच्या बायका स्वतः वल्हे मारून पाहुण्यांना कांदळवन दाखवतात. २०१७ साली त्यांनी ही सफर सुरू केली. वनखात्याचा कांदळवन कक्ष आणि संयुक्त राष्ट्रांचा विकास कार्यक्रम यांची त्यांना मदत झाली. गटातल्या श्वेता हुले यांचे नाव तुम्ही ऐकले असेल. पुढे याच खाडीत बायकांनी चालवलेले तरंगते हॉटेलही उभे राहिले.

आता खरी गंमत ऐका. आपली पोळी-भाजी केंद्रे घड्याळावर चालतात, खाडीतला धंदा चंद्रावर चालतो. ओहोटीला होडी चिखलात रुतते, म्हणून सफर भरतीला. भरती दिवसातून दोनदा येते आणि रोज साधारण पन्नास मिनिटे उशिरा येते. आज पाहुणे अकराला आले, तर चार दिवसांनी त्याच भरतीला ते दुपारी दोननंतर येणार. मग मासे कधी साफ करायचे, भात कधी टाकायचा, सगळेच सरकते! कोकणातला जुना ढोबळ हिशेब सोपा आहे: तिथीची पाऊणपट करा. चतुर्थीला तीनच्या सुमारास भरती, अष्टमीला सहाच्या. अर्थात होडी सोडण्यापूर्वी छापील वेळापत्रक पाहायचेच, आणि लाइफ जॅकेट घातल्याशिवाय कुणाला होडीत घ्यायचे नाही.

कांदळवनाच्या मुळांत मासळीची आणि खेकड्यांची पिल्ले वाढतात. म्हणजे ताटातल्या कुर्ल्या त्या झाडांमुळेच. झाडे तोडली की पाहुणाही गेला आणि कालवणही गेले. वल्ह्याच्या होडीचा आवाज नाही, पाण्यात डिझेल सांडत नाही; पाखरे बसून राहतात, आणि ती बघायलाच तर लोक पैसे मोजतात.

तुमच्या गावी तलाव किंवा खाडी असेल आणि मनात असे काही असेल, तर आधी पावसाळ्याचा विचार करा. पावसात होडी बांधून ठेवावी लागते, बँकेचा हप्ता मात्र थांबत नाही. त्या महिन्यांसाठी कोकम आगळ, पापड, मसाले असे काठावरचे काम हाताशी हवे. होडीची वही वेगळी, स्वयंपाकाची वेगळी ठेवा. दोन्हींचा पैसा एकाच डब्यात पडला, तर कोण कुणाला पोसते आहे ते वर्षभर कळत नाही.