सहलीची गाडी आणि मिरचीचा ठसका

गेल्या महिन्यात शहादा तालुक्यातल्या एका गटाच्या बैठकीला आम्ही गेलो होतो. बचत गोळा झाली, प्रोसिडिंग लिहून झालं, चहा आला, तेव्हा मागच्या रांगेतून एक ताई म्हणाल्या, "मॅडम, सहलीचे पैसे जमलेत. केवडियाला पुतळा पाहायला जायचंय. पण तशी साथ पुन्हा आली तर काय करायचं?" एकदम सगळ्या गप्प झाल्या. कारण त्या बैठकीत चार-पाच जणी अशा होत्या, ज्या मागच्या खेपेला आमच्याबरोबर गाडीत होत्या.

त्या दिवशी आम्हाला नीट उत्तर देता आलं नाही. ते आज देतो. पण आधी मागची गोष्ट सांगावी लागेल.

फेब्रुवारी २०२१. पहिली लाट ओसरली होती. आपल्या सारंगखेड्याची दत्तजयंतीची यात्रा त्या हिवाळ्यात भरली नव्हती, त्यामुळे पोरंबाळं, बाया सगळेच कंटाळलेले. केवडियाचा सरदार पटेलांचा पुतळा मार्च २०२० पासून बंद होता, तो १७ ऑक्टोबरला पुन्हा उघडला. सुरुवातीला दिवसाला फक्त अडीच हजार माणसं सोडायचे, तीही वेळा ठरवून दिलेली. आम्हाला वाटलं, आता हरकत नाही. एक क्रूझर ठरवली, बारा जणी निघालो. तळोदा, अक्कलकुवा, डेडियापाडा, राजपीपला असा रस्ता. यातल्या कितीतरी जणी गुजरातेत ऊसतोडीला जाऊन आलेल्या, पण तिकीट काढून, नवी साडी नेसून काही पाहायला गेल्या नव्हत्या. पहाटे चारला थंडी म्हणजे मरणाची. काचा गच्च बंद, आणि गाणी सुरू. लग्नातली, होळीची, जी आठवतील ती सगळी.

केवडियाला मात्र काटेकोर. मास्कशिवाय आत सोडत नव्हते, हाताला सॅनिटायझर, कपाळाला तापाची बंदूक. १८२ मीटरचा पुतळा, खाली नर्मदेवरून येणारं वारं, मोकळी जागा. मुलांसाठी पोषणाचं एक थीम पार्क तिथं २०२० च्या ऑक्टोबरातच सुरू झालं होतं. छोट्या आगगाडीत बसून फळभाज्यांचं स्टेशन, दुधाचं स्टेशन असं पाहत जायचं. एक मावशी म्हणाल्या, "हे तर आपल्या अंगणवाडीतलं बोलणं, फक्त आगगाडीत बसवलंय!" खूप हसलो. येताना पुन्हा अंधार, पुन्हा थंडी, पुन्हा काचा बंद. थकून एकमेकींच्या खांद्यावर डोकं टाकून झोपलो.

पाचव्या दिवशी तिघींना ताप आला. दहा-बारा दिवसांत बारापैकी सात जणींचा रिपोर्ट पॉझिटिव्ह. एकीच्या सासऱ्यांना अकरा दिवस ऑक्सिजन लागला. ते घरी आले, एवढं नशीब. पण पुढे एप्रिलात दुसरी लाट आली, गावात माणसं गेली, आणि बोल कुणाला लागला? "बाया पुतळा पाहायला गेल्या अन् रोग घेऊन आल्या." त्याच पंधरवड्यात गावात एक मोठं लग्न झालं होतं. हळद, वरात, बंद हॉलमध्ये पंगत, सगळं. त्याचं नाव कुणी काढलं नाही. आमच्यातल्या एका ताईला त्यानंतर वर्षभर घरच्यांनी बैठकीलासुद्धा येऊ दिलं नाही.

म्हणून हे नीट समजून घ्यायला पाहिजे. नाहीतर प्रत्येक साथीत "बायांनी घरात बसावं" एवढाच धडा निघेल.

नक्की कुठे लागण झाली हे छातीठोक सांगता येत नाही. पण विचार करू. कोरोनाचा विषाणू मुख्यतः श्वासातून पसरतो. बोलताना, खोकताना, गाताना तोंडातून बारीक थेंब निघतात. मोठे थेंब खाली पडतात, अगदी बारीक असतात ते हवेत तरंगत राहतात. डोळ्याला दिसत नाहीत म्हणून पटत नाही. मग आपल्या ओळखीचं घ्या. दार-खिडकी लावून तव्यावर मिरची भाजली तर काय होतं? चुलीपाशी बसलेलीला ठसका लागतो, आतल्या खोलीत झोपलेल्या सासूलाही लागतो, आणि तवा उतरवल्यावर घरात येणाऱ्यालाही लागतो. तीच मिरची अंगणात भाजली तर शेजारी बसलेलीला थोडा त्रास, बाकी वाऱ्यावर जातं. नंदुरबारच्या बायांना मिरचीचा ठसका कुणी शिकवायला नको. साथीच्या दिवसांत प्रत्येक जागेकडे याच नजरेनं पाहायचं: इथे मिरची भाजली तर किती जणींना ठसका लागेल?

या नजरेनं आमची सहल पाहा. पुतळ्याचं आवार म्हणजे अंगण. आमची क्रूझर म्हणजे दार लावलेलं स्वयंपाकघर, आणि त्यात जाऊन-येऊन आठ-नऊ तास. आम्ही भीती धरली ती पार्काची, आणि बेफिकीर राहिलो ते गाडीत.

गाण्याचंही तसंच. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यात १० मार्च २०२० ला एका गायन मंडळाचा सराव झाला. एकसष्ट जण, बंद खोलीत अडीच तास. त्यातल्या त्रेपन्न जणांना कोरोना झाला, किंवा झाल्याची दाट शक्यता होती, दोघे दगावले. मोठ्यानं गाताना, ओरडताना श्वासातून जास्त थेंब बाहेर पडतात. जपानमध्ये त्याच वर्षी पार्कं उघडली तेव्हा उंच पाळण्यात बसणाऱ्यांना विनंती होती की ओरडू नका, मनातल्या मनात ओरडा. हे ऐकून आमच्या गटात हशा पिकला. पाळण्यात बसून गप्प राहणारी बाई अजून जन्माला यायची आहे, असं एकीचं मत पडलं. पण विनंतीमागचं कारण खरं आहे.

तापाच्या बंदुकीवरही फार भरवसा ठेवू नका. कोरोनाचं माणूस लक्षणं दिसण्याच्या साधारण दोन दिवस आधीपासून दुसऱ्याला आजार देऊ शकतं. काहींना ताप येतच नाही. बंदूक ताप पकडते, विषाणू पकडत नाही. तसंच पदराचं. तोंडावर पदर घेतला की आपल्याला मास्क घातल्यासारखं वाटतं, पण बाजूनं हवा येते-जाते. नाकावर घट्ट बसणारा मास्कच हवा, आणि तो गाडीत आणि लिफ्टमध्ये आधी हवा. आम्ही काय केलं? फोटो काढताना मोकळ्या मैदानात मास्क होते, गाडीत बसल्या बसल्या काढून पिशवीत टाकले.

मग गाडी कशी न्यायची? बारांच्या जागी आठ जणी. समोरासमोरच्या दोन-तीन काचा चार-चार बोटं उघड्या, म्हणजे हवा एकीकडून शिरून दुसरीकडून निघेल. थंडीला शाल घ्या, काच लावू नका. एसी असेल तर ड्रायव्हर दादांना सांगा, आतलीच हवा फिरवणारं बटण बंद करा, बाहेरची हवा येऊ द्या. तासा-दीड तासानं थांबून सगळी दारं उघडा. कुणी म्हणेल, मग पिकअपमध्ये मागे उभं राहून जाऊ, हवाच हवा! नको. तोरणमाळच्या घाटात पिकअप उलटली तर मास्क काय करणार?

वॉटर पार्कचं बऱ्याच जणी विचारतात. महाराष्ट्रात २०२१ च्या ऑक्टोबरात पार्कं उघडायला परवानगी मिळाली तेव्हा पाण्याचे खेळ वगळले होते, त्यामुळे पाण्याची भीती बसली. नीट क्लोरीन घातलेल्या पाण्यातून कोरोना पसरल्याचा पुरावा नाही. भीती कपडे बदलायच्या कोंदट खोलीची आणि दाटीवाटीच्या रांगेची. नियम मात्र पटकन बदलतात. जानेवारी २०२२ मध्ये पार्कं पुन्हा बंद झाली होती. म्हणून आगाऊ रक्कम भरण्याआधी विचारा, बंदी आली तर पैसे परत मिळतील का, आणि ते कागदावर घ्या.

रिसॉर्टवर मुक्काम असेल तर दिसायला चकचकीत खोलीपेक्षा खिडकी उघडणारी खोली चांगली. जेवण बंद हॉलमध्ये नको, ओट्यावर, झाडाखाली मागा. जेवताना मास्क उतरतोच, म्हणून जेवणाची जागा सगळ्यात महत्त्वाची. एका खोलीत सहा जणी झोपण्याची आपली सवय साथीत मोडावी लागेल, आणि त्याचे जास्तीचे पैसे आधीच हिशोबात धरा.

आपल्यातल्या काही जणी सहलीला जात नाहीत, सहलीला आलेल्यांचं करतात. कुणी रिसॉर्टवर खोल्या झाडते, कुणाची तोरणमाळला तलावाजवळ चहा-भज्यांची टपरी आहे. तिचा विचार कुणी करत नाही. खोली झाडणाऱ्या ताईनं पाहुणा गेल्यावर लगेच आत शिरू नये. खिडक्या-दारं उघडून ठेवावी, आधी दुसरं काम करावं, मग मास्क लावून झाडावं. वापरलेल्या चादरी झटकू नयेत, गुंडाळून पाण्यात टाकाव्यात. टपरी उघड्यावर आहे हे चांगलंच, फक्त पावसाळ्यात तिन्ही बाजूंनी प्लास्टिक बांधतो ना, तेव्हा ती पण स्वयंपाकघर होते.

अडकून पडण्याचीही तयारी लागते. ३१ ऑक्टोबर २०२१ ला चीनमध्ये शांघायच्या डिस्नेलँडचे दरवाजे अचानक लावले, कारण आदल्या दिवशी येऊन गेलेली एक बाई पॉझिटिव्ह निघाली. आतल्या ३३,८६३ लोकांची रात्री उशिरापर्यंत तपासणी झाली, मगच त्यांना सोडलं. आपल्याकडे एवढं होणार नाही, पण जिल्ह्याच्या हद्दीवर थांबवू शकतात. बीपी-शुगरच्या गोळ्या दोन दिवसांच्या जास्त घ्या. आणि लहान मुलं नेणार असाल तर गोवराच्या दोन्ही लसी झाल्यात का ते अंगणवाडीच्या कार्डावर पाहून घ्या. २०१४ च्या डिसेंबरात अमेरिकेतल्या डिस्नेलँडमधून गोवर पसरला आणि शंभरावर लोकांना झाला. त्यांतल्या बऱ्याच जणांनी लस घेतलेली नव्हती.

घरी म्हातारी माणसं असतील तर परतल्यावर पाच-सहा दिवस त्यांच्याजवळ मास्क लावा, झोपायला वेगळं, शक्यतो ओसरीवर. आमच्या सहलीच्या वेळी कुणालाच लस मिळालेली नव्हती. लस घेतल्यावर आजार गंभीर होण्याची भीती बरीच कमी होते, पण लस घेतलेली बाईही आजार घरी आणू शकते.

आता एक गोष्ट राहिली, ती आम्हाला फार उशिरा कळली. आमच्यातल्या एका ताईचा घसा निघायच्या आदल्या रात्रीपासूनच दुखत होता. तिनं कुणाला सांगितलं नाही. का? तिनं सहलीला साडेसहाशे रुपये भरले होते. वर्षभर अंडी विकून साठवलेले. आली नसती तर ते बुडाले असते, कारण गाडीचं भाडं ठरलेलं आणि परत देण्याचा नियम आम्ही कधी केलाच नव्हता. दीड वर्षानं तिनं रडत रडत हे सांगितलं तेव्हा तिच्यावर रागवायला आम्हाला तोंड नव्हतं. तिची लागण आम्हाला झाली की आणखी कुणाची, देव जाणे. पण बाईला आजार लपवायला लावणारा नियम आमचा होता.

त्या बैठकीचं उत्तर आम्ही पुढच्या बैठकीत ठरावानं दिलं. सहलीच्या दिवशी कुणालाही ताप, खोकला, घसादुखी असेल तर तिनं थांबायचं, तिचे सगळे पैसे परत मिळतील. कारण कुणी विचारायचं नाही, दाखला मागायचा नाही. त्यासाठी प्रत्येकीनं सहलीच्या रकमेवर पन्नास रुपये जास्त भरायचे. ते कुणाला लागले नाहीत तर परतताना उसाचा रस. ठराव प्रोसिडिंगमध्ये लिहिला आहे, सूचक म्हणून अंडी विकणाऱ्या त्याच ताईचं नाव आहे. आणि अनुमोदन दिलंय ते वर्षभर घरात बसवलेल्या ताईनं. केवडियाची तारीख अजून ठरायची आहे, गाडी मात्र दोन सांगितल्या आहेत.