पाळण्यापर्यंत पोचलेला धम्म

बँकेच्या जुन्या खातेवह्या कुणी वाङ्मय म्हणून वाचत नाही. मला मात्र नोकरीच्या काळात त्या चाळताना त्यांत कादंबऱ्या दिसत. विदर्भातल्या एका शाखेत असताना एक गोष्ट ध्यानात आली. खातेदाराचे नाव सिद्धार्थ, वडिलांचे कचरू. चार पानांनंतर मिलिंद, वडील दगडू. आणखी पुढे संघमित्रा, वडील धोंडू. आडनावे निराळी, गावे निराळी. पण बाप आणि लेकरू यांच्या नावांमधले अंतर तेच. बापाचा अंगठा, मुलाची सही. आणि मुलाच्या जन्माचे वर्ष पाहावे तर ते बहुधा १९५६ च्या अलीकडचे.

१४ ऑक्टोबर १९५६, विजयादशमी. नागपुरात महास्थवीर चंद्रमणी यांच्याकडून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि मग समोरच्या लाखोंच्या समुदायाला स्वतः दिली. त्या सोहळ्यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. आकडेही बोलके आहेत : १९५१ च्या जनगणनेत आजच्या महाराष्ट्राच्या हद्दीत अडीच हजारांच्या आसपास बौद्ध होते, १९६१ साली ते सुमारे २७ लाख ९० हजार झाले, २०११ मध्ये ६५ लाखांवर गेले. पण मैदानावर आलेली माणसे आपल्या पायांनी आली होती, आपल्या तोंडाने त्यांनी प्रतिज्ञा म्हटल्या होत्या. त्यांतल्या कितीतरी बायका गरोदर असणार. पोटातल्या त्या जिवांचे काय? त्यांना या नव्या घरात कुणी, कसे घ्यायचे? दीक्षेनंतर अवघ्या त्रेपन्न दिवसांनी, ६ डिसेंबरला, बाबासाहेब गेले. विचारायला माणूस उरला नाही.

हा प्रश्न त्यांच्या नजरेतून सुटला होता असे मात्र नाही. त्यांच्या निधनानंतर, १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ या ग्रंथात त्यांनी एका जुन्या उणिवेवर बोट ठेवले आहे. भिक्षू होणाऱ्यासाठी संघदीक्षा होती. संसारात राहून धम्म पाळणाऱ्यासाठी वेगळी धम्मदीक्षा नव्हती. भारतातून बौद्ध धर्म ओसरला त्याच्या कारणांपैकी हे एक, असे त्यांचे मत होते. सामान्य माणूस दारात येई, नमस्कार करी, आणि परत आपल्या जुन्या घरी जाई. बाळ जन्मले की त्याच्या कानाशी जुनेच कुणी असे.

येथे राहुलची कथा आठवते. बाप गृहत्यागाच्या उंबरठ्यावर असताना जन्मलेला मुलगा. त्याच्या नावाचा अर्थच परंपरेने ‘बंधन’ असा सांगितला आहे. पुढे बुद्ध कपिलवस्तूला आले तेव्हा हा मुलगा त्यांच्या मागे मागे चालत वारसा मागू लागला, आणि त्याला वारसा मिळाला तो प्रव्रज्येचा. म्हाताऱ्या शुद्धोदनाला हे सोसले नाही. त्याने विनवले की, आईबापांच्या संमतीवाचून कुणाच्या मुलाला असे घेऊ नये. बुद्धांनी ते मानले आणि तसा नियम केला. विनयपिटकातल्या या प्रसंगात मला आजोबा दिसतो, तत्त्वज्ञानाला आडवा आलेला आणि जिंकलेला. महाराष्ट्रात १९५६ नंतर घरोघर राहुल जन्मले. त्यांच्या आईबापांना कुणाला सोडून कुठे जायचे नव्हते. उलट सगळे घरच त्यांना सोबत न्यायचे होते.

घर सोबत नेणे म्हणजे काय, हे पाचवीच्या रात्री कळे. आपल्याकडे जन्मानंतरच्या पाचव्या किंवा सहाव्या रात्री सटवाई येते आणि बाळाच्या कपाळी नशीब लिहून जाते, ही समजूत जातिधर्माच्या पलीकडची. पाटावर पूजा मांडायची, जवळ कोरा कागद आणि लेखणी ठेवायची, दिवा विझू द्यायचा नाही. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरात सटवाईला जागा नव्हती. पण त्या काळी या देशात हजार जन्मांमागे शंभराहून अधिक बालके वर्षाच्या आत दगावत. सटवाईचे न करणे हे व्याख्यानात सोपे; ज्या बाईने आधीची दोन पोरे पुरली आहेत तिने ते करायचे म्हणजे काय, याचा हिशेब कोणत्याही जनगणनेत नाही. धर्मांतराचे धैर्य म्हटले की आपण मैदानाकडे पाहतो. मला ते त्या अंधाऱ्या खोलीत, बाळाच्या उशाशी रात्रभर जागणाऱ्या आजीपाशी अधिक दिसते. काही आज्यांनी पूजा सोडली, काहींनी गुपचूप चालू ठेवली. दोघींनाही मी नावे ठेवणार नाही. एका सहकाऱ्याच्या आईने मधली वाट काढली होती. पूजा नाही, नैवेद्य नाही; कागद-लेखणी मात्र ठेवली. मुलाने टोकले तेव्हा म्हातारी म्हणाली, “सटवीसाठी नाही रे. त्यालाच पुढे लागंल.”

विधीचे म्हणाल तर तो हळूहळू बसला. बाबासाहेबांनीच १९५५ साली स्थापन केलेल्या भारतीय बौद्ध महासभेने बौद्धाचार्य तयार केले. भटजीकडून कोणतेही कार्य करून घ्यायचे नाही ही प्रतिज्ञाच होती. नामकरणाला बाराव्या दिवसाचे बंधन उरले नाही. पौर्णिमा चालते, सगळ्यांना सुटी म्हणून रविवारही चालतो. बुद्धांची आणि बाबासाहेबांची प्रतिमा, फुले, मेणबत्त्या, पांढरी वस्त्रे. त्रिशरण आणि पंचशील. पंचांगातून आद्याक्षर काढायचे नाही. बारशाची आत्या मात्र कुठेही गेली नाही. बाळाच्या कानात ‘कुर्रर्र’ करून नाव सांगण्याचा तिचा मान कोणत्याही प्रतिज्ञेने काढून घेतला नाही, आणि पाठीत गुद्दे खाण्याचाही. पाळणा राहिला, घुगऱ्या राहिल्या. पाळण्यातला कृष्ण गेला, भीम आला. जात्यावरच्या ओव्यांचेही तेच झाले. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी गोळा केलेल्या लाखभर ओव्यांत बाबासाहेबांवर रचलेल्या ओव्या आहेत, बायकांनी दळता दळता रचलेल्या. त्यांना कुणी रचायला सांगितले नव्हते.

आणि नावे. कचरू, दगडू, धोंडू ही नावे केवळ एका जातीची नव्हती, हे सांगितले पाहिजे. मुले जगत नसली की कोणत्याही घरात बाळाला असे टाकाऊ नाव देत, मृत्यूची नजर वळावी म्हणून. पण ज्याला गाव आधीच कचऱ्याच्या जागी ठेवते त्याच्या बाबतीत ती युक्ती युक्ती राहत नाही. तोच त्याचा पत्ता होतो. दया पवारांचे मूळ नाव दगडू. १९७८ सालच्या ‘बलुतं’मध्ये हा दगडू मारुती पवारच दया पवारांना आपली हकिकत सांगतो, एकाच माणसाच्या दोन नावांमध्ये ते सगळे पुस्तक उभे आहे. नवी नावे आली कुठून? काही कथांमधून, काही चक्क महाविद्यालयांच्या पाट्यांवरून. मुंबईचे सिद्धार्थ १९४६ चे, तेव्हाच्या औरंगाबादचे मिलिंद १९५० चे, आणि त्याचा परिसर नागसेनवन. ज्यांनी कॉलेजची पायरी पाहिली नव्हती, त्यांनी लेकरांना कॉलेजची नावे दिली.

एवढे करून मूल सहा वर्षांचे झाले की शाळेचा रजिस्टर पुढे येई. धर्म? जात? यात मोठी मेख होती. राज्याने नवबौद्धांना सवलती दिल्या. केंद्राच्या यादीत मात्र बौद्ध झालेला माणूस अनुसूचित जातीत बसत नव्हता. म्हणजे घरात पंचशील, भिंतीवर बुद्ध, आणि दाखल्यावर ‘हिंदू महार’. रजिस्टरमध्ये ‘बौद्ध’ लिहिणाऱ्या बापाने मुलाची केंद्र सरकारातली, रेल्वेतली राखीव जागा त्या एका शब्दावर ओवाळून टाकलेली असे. राष्ट्रीयीकृत बँकांनाही केंद्राचेच नियम. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत मी असे अर्ज पाहिले आहेत : नाव गौतम, आईचे नाव यशोधरा, आणि धर्माच्या रकान्यात हिंदू. बापाने कुठला निर्णय कुठल्या रात्री घेतला असेल, हे अर्जावरून कळत नाही. १९९० साली कायदा दुरुस्त झाला आणि बौद्धांना ती दारे उघडली. दीक्षेच्या वर्षी जन्मलेले मूल तोवर चौतिशीला आले होते; सरकारी नोकरीची वयोमर्यादा त्याच्या उंबरठ्यावर उभी होती.

आता तिसरी-चौथी पिढी पाळण्यात आहे. नामकरणाची पत्रिका मोबाइलवर येते, वर बुद्ध, खाली सभागृहाचा नकाशा. नावांची फॅशन सगळ्यांची एक झाल्याने मुलाचे नाव ऐकून घर ओळखू येत नाही. काहींना ते खुपते, काहींना तेच हवे होते. गेल्या वर्षी एका निवृत्त सहकाऱ्याच्या नातीच्या नामकरणाला गेलो होतो. आईबापांनी शोधलेले नाव दोन अक्षरी, गोड, आणि कुठल्याही धर्माचे असू शकेल असे. आत्याने ते सांगितले, टाळ्या झाल्या. आजोबांनी शेजारच्याला हळूच विचारले, “अर्थ काय म्हणे त्याचा?” शेजारच्याला ठाऊक नव्हता. मग आजोबांनी सोबत आणलेला फॉर्म काढला, अल्पवयीनाच्या खात्याचा, आणि नातीचे नाव, तिच्या बापाचे नाव असे करत ठळक अक्षरांत भरायला घेतले. पालकाच्या सहीची जागा त्यांनी मुलाकडे सरकवली.